कर्नेलची आवृत्ति कोणती निवडावी ?

'जुनें तें सोनें' या म्हणीवर श्रद्धा असणारीं माणसें जितकीं आहेत, तितकींच नव्याच्या मागें धांवणारींही आहेत. धान्य किंवा औषध यांच्या बाबतींत हा वाद फारसें नुकसान करीत नाहीं. तांदूळ जुना घ्यावा आणि औषध ताजें घ्यावें, हें घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असतें. परंतु संगणकाच्या ज्या भागावर इतर सर्व भागांचा डोलारा उभा असतो, त्याची आवृत्ति जुनी घ्यावी कीं नवी, असा प्रश्न पडला म्हणजे भल्याभल्यांची पंचाईत होते. कोणी सांगतो, 'जुनी आहे, मुरलेली आहे, तिला हात लावूं नका.' कोणी सांगतो, 'नवी आली आहे, आजच चढवा.' दोघांच्याही बोलण्यांत कांहीं सत्य आहे. आणि दोघांचेंही ऐकून लोकांचें नुकसान झाल्याचीं उदाहरणें आहेत. तीं उदाहरणें तपासून या निवडीचे कांहीं ठोकताळे बसवितां येतात काय, हें पाहणें हा या भाषणाचा हेतु आहे.

या भागाला इंग्रजींत 'कर्नेल' म्हणतात. पलटणींतल्या कर्नलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. फळाच्या कठीण कवचाच्या आंत जो गर असतो, तो या शब्दाचा मूळ अर्थ; मराठींत 'गाभा' म्हटलें तरी चालेल. संगणक सुरू झाला म्हणजे हा गाभा स्मृतींत येऊन बसतो आणि संगणक बंद होईपर्यंत तेथून हलत नाहीं. कोणत्या प्रोग्रॅमला किती स्मृति द्यावयाची, प्रोसेसरनें कोणतें काम आधीं करावयाचें, डिस्कवर कोणती अक्षरें कोठें लिहावयाचीं, हीं सारीं कामें त्याचीं. मोठ्या वाड्यांतला कारभारी कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून फिरतो, तशा संगणकाच्या सर्व किल्ल्या गाभ्यापाशीं असतात. म्हणूनच एखादा साधा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. गाभा बिघडला तर सारा संगणक थांबतो. आणि त्याहूनही वाईट म्हणजे कधीं कधीं तो न थांबतां चुकीच्या जागीं लिहीत राहतो. घरांतले वीस वर्षांचे फोटो, दवाखान्यांतील रोग्यांच्या नोंदी किंवा पतपेढीचे हिशेब अशा वेळीं कोणाच्या नकळत नासून जातात, आणि हें ध्यानांत येईपर्यंत कित्येक आठवडे लोटलेले असतात.

असे गाभे अनेक आहेत. परंतु ज्याच्या आवृत्तीची निवड खुद्द वापरणाऱ्याला करतां येते, अशांत सर्वांत प्रसिद्ध गाभा लिनक्सचा होय. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉर्व्हल्ड्स यानें १९९१ च्या ऑगस्टांत आपल्या या उद्योगाची पहिली वार्ता दिली, आणि १९९४ च्या मार्चमध्यें १.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. पुढें हाच गाभा अँड्रॉइडच्या फोनांत शिरला, बँकांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या सर्व्हरांत शिरला. आणि २०१७ च्या नोव्हेंबरांत जगांतील पांचशें सर्वांत शक्तिमान संगणकांची यादी निघाली, तेव्हां तिच्यांतील पांचशेंच्या पांचशें संगणक त्यावरच चालत होते. लिनक्स हें नांव ज्यानें कधीं ऐकलें नाहीं, त्याच्याही खिशांत तें असण्याचा संभव मोठा आहे.

आतां क्रमांकाकडे वळावें. लिनक्सच्या आवृत्तीच्या क्रमांकांत सामान्यतः तीन आंकडे असतात, उदाहरणार्थ ६.१.६४. यांतला पहिला आंकडा केवळ सोयीसाठीं वाढवितात. २०११ च्या जुलैमध्यें २.६.३९ च्या मागून एकदम ३.० आली, ती कांहीं मोठी क्रांति झाली म्हणून नव्हे. क्रमांक फार लांबत चालला होता, इतकेंच. दुसरा आंकडा दर नव्या आवृत्तीबरोबर एकानें वाढतो. तिसरा आंकडा त्या आवृत्तीवर मागाहून किती वेळां दुरुस्त्या निघाल्या तें सांगतो. आणि भरवशाच्या दृष्टीनें पाहतां तोच सर्वांत बोलका असतो.

सम आंकड्याची आवृत्ति भरवशाची आणि विषम आंकड्याची धोक्याची, असा एक समज अद्यापही पुष्कळांच्या मनांत घर करून आहे. हा समज मुळांत निराधार नव्हता. २.१, २.३, २.५ या आवृत्त्या खरोखरच प्रयोगासाठीं असत, आणि २.२, २.४ या लोकांनीं वापरण्यासाठीं. परंतु २००३ च्या डिसेंबरांत २.६ निघाली आणि तिच्यानंतर ही पद्धति सोडून देण्यांत आली. ५.१५ आणि ६.१ या विषम आंकड्याच्या आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळण्यासाठीं निवडल्या गेल्या, ६.२ आणि ६.४ या सम आंकड्याच्या आवृत्त्या थोड्याच महिन्यांत निवृत्त झाल्या. शिवाय जुन्या पद्धतींतही सम आंकडा म्हणजे अभयदान नव्हतें. २००१ च्या नोव्हेंबरांत आलेली २.४.१५ ही आवृत्ति डिस्क व्यवस्थित सोडवितांनाच तिच्यावरील मांडणी बिघडवी. कांहीं दिवसांतच २.४.१६ काढून तो दोष दूर करावा लागला.

आवृत्ति तयार कशी होते, हें कळलें म्हणजे तिच्यावर केव्हां विश्वास ठेवावा हेंही निम्में कळतें. साधारणपणें दर नऊ-दहा आठवड्यांनीं लिनक्सची एक नवी आवृत्ति निघते. पहिले दोन आठवडे नव्या गोष्टी आंत घेण्याचे. मग दार बंद होतें आणि पुढें केवळ दोष काढण्याचें काम चालतें. या काळांत दर आठवड्यास, बहुधा रविवारीं, एक 'उमेदवार' आवृत्ति बाहेर पडते. अशा सात किंवा आठ उमेदवारांनंतर खरी आवृत्ति जाहीर होते. उमेदवार आवृत्ति ही चाखून पाहणाऱ्यांसाठीं असते, जेवायला बसणाऱ्यांसाठीं नव्हे. हें न ओळखल्यास काय होतें, याचें उदाहरण २०२१ सालचें आहे. त्या वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस ५.१२ ची पहिली उमेदवार आवृत्ति निघाली. स्मृति अपुरी पडली म्हणजे तिच्यांतला कांहीं मजकूर तात्पुरता डिस्कवर ठेवण्यासाठीं 'स्वॅप फाइल' म्हणून एक जागा राखून ठेवतात. या आवृत्तींतला गाभा तो मजकूर त्या फाइलींत न लिहितां डिस्कवर भलत्याच ठिकाणीं लिहीत होता. म्हणजे तेथें जें कांहीं होतें तें गेलें! टॉर्व्हल्ड्सनें मार्चच्या आरंभीं जाहीर इशारा दिला, आणि त्या आवृत्तीच्या नांवालाच 'वापरूं नका' अशा अर्थाचें शेंपूट जोडलें. ज्यांनीं केवळ पंधरा दिवसांचा धीर धरला असता, त्यांना या प्रकाराची झळही लागली नसती.

उमेदवारी संपून आवृत्ति जाहीर झाली म्हणजे तिला 'स्थिर' असें विशेषण लागतें. हा शब्द पुष्कळांना फसवितो. स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे. स्थिर म्हणजे जिच्यांत आतां नवें कांहीं घालावयाचें नाहीं, फक्त दुरुस्ती करावयाची, अशी. या दुरुस्तीचें काम २००५ च्या मार्चपासून एक स्वतंत्र मंडळी पाहूं लागली. तिचा आरंभ ग्रेग क्रोह-हार्टमन व क्रिस राइट यांनीं केला. पुढें साशा लेव्हिन हेही त्या कामांत आले. या मंडळींनीं स्वतःस कांहीं नियम घालून घेतले आहेत. दुरुस्ती आधीं मुख्य प्रवाहांत स्वीकारलेली असली पाहिजे, ती उघडपणें बरोबर व तपासलेली असली पाहिजे, भोंवतालच्या ओळी धरून ती शंभर ओळींहून मोठी असतां कामा नये, आणि तिनें कोणाचा तरी खराखुरा त्रास दूर केला पाहिजे. साध्या स्थिर आवृत्तीची अशी देखभाल पुढची आवृत्ति येऊन थोडे दिवस जाईपर्यंतच, म्हणजे सुमारें तीन महिने चालते. मग ती वाऱ्यावर सुटते.

तीन महिन्यांनीं घर बदलणें सर्वांस परवडत नाहीं. म्हणून साधारणपणें वर्षाकांठीं एक आवृत्ति 'दीर्घकालीन' म्हणून निवडतात आणि ती निदान दोन वर्षें, कधीं सहा वर्षेंही सांभाळतात. ४.१९ ही आवृत्ति २०१८ च्या ऑक्टोबरांत जन्मली आणि २०२४ च्या डिसेंबरांत ४.१९.३२५ या क्रमांकानें तिची सेवा संपली. सहा वर्षांत तीनशें पंचवीस वेळां दुरुस्त झालेली ही वस्तु होती. लोणचें घातल्याबरोबर खाल्लें तर कैरी कच्ची लागते आणि मसाला वर तरंगतो. कांहीं महिने गेले म्हणजे तें मुरतें. परंतु बरणी कोणी पाहिनासें झालें, कीं त्याच लोणच्याला बुरशी धरते. दीर्घकालीन आवृत्तीची गोष्ट अगदीं अशीच आहे. ती मुरलेली असावी, हें खरें. पण तिच्या बरणीकडे रोज पाहणारें कोणी तरी असावें, हें त्याहून खरें.

या ठिकाणीं जुन्याचा कैवार घेणारा विचारील, 'जें वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललें, त्यांत दोष असता तर एव्हांना दिसला नसता काय ?' या प्रश्नाला इतिहासानें दोन उलटसुलट उत्तरें दिलीं आहेत. पहिलें उत्तर २०१६ च्या ऑक्टोबरांतलें. त्या महिन्यांत 'डर्टी काऊ' या नांवानें ओळखला जाणारा एक दोष उघडकीस आला. त्याच्या आधारें संगणकावर साधें खातें असलेल्या माणसाला सर्वाधिकारी होतां येत असे. हा दोष २००७ सालच्या २.६.२२ पासून गाभ्यांत बसून होता! नऊ वर्षें तो लक्षावधि संगणकांवर चालला आणि बहुतेकांना दिसला नाहीं. त्याच्याही अकरा वर्षें आधीं टॉर्व्हल्ड्सनें तो बुजविण्याचा एक प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या एका जातीच्या यंत्रावर अडचण आल्यामुळें तो मागें घ्यावा लागला होता. तेव्हां जुनेपणा हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. दोष सांपडल्याच्या दिवशीं ज्या आवृत्त्यांना राखणदार होता त्या लगेच दुरुस्त झाल्या. ज्यांना तो नव्हता त्या तशाच उघड्या राहिल्या.

दुसरें उत्तर २०२२ च्या मार्चमधलें. मॅक्स केलरमन हा तज्ज्ञ एका कोड्याचा माग काढीत होता. सर्व्हरावरील नोंदींच्या दाबून ठेवलेल्या फायली अधूनमधून बिघडत, आणि कां बिघडतात हें कळत नसे. शोधतां शोधतां तो थेट गाभ्यापर्यंत पोंचला. ज्या फाइलींत लिहिण्याची परवानगी नाहीं, तिच्यांतील मजकूरही बदलतां येईल असा तो दोष निघाला; त्याला पुढें 'डर्टी पाइप' असें नांव पडलें. हा दोष २०२० सालच्या ५.८ मध्यें प्रथम वापरण्याजोगा झाला होता. म्हणजे जे ५.४ किंवा ४.१९ या जुन्या दीर्घकालीन आवृत्तींवर होते ते सुरक्षित राहिले, आणि नव्यावर गेलेले सांपडले. ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्तींत तो दुरुस्त झाला. पहिल्या प्रसंगीं जुन्यांना फटका बसला, दुसऱ्या प्रसंगीं नव्यांना. परंतु दोन्ही प्रसंगीं एक गोष्ट सारखीच होती: ज्यांच्या आवृत्तीचा तिसरा आंकडा पुढें सरकत होता, त्यांना उपाय मिळाला.

तर मग दीर्घकालीन आवृत्ति घ्यावी, तिची प्रत्येक दुरुस्ती तत्काळ चढवावी आणि निर्धास्त झोंपावें, असें ठरतें काय ? दुर्दैवानें तेंही ठरत नाहीं. २०२३ च्या नोव्हेंबराच्या अखेरीस ६.१ या दीर्घकालीन आवृत्तीची ६.१.६४ ही दुरुस्ती निघाली. लिनक्सवर डिस्कची मांडणी करण्याची 'एक्स्ट-४' नांवाची जी फार रूढ पद्धति आहे, तिच्यासंबंधीं एक सुधारणा तींत होती. मुख्य प्रवाहांत ही सुधारणा निर्धोक होती. कारण तेथें तिच्या आधींची दुसरी एक सुधारणा हजर होती. ६.१ मध्यें ती पूर्वीची सुधारणा कधीं आलीच नव्हती. पाया न घालतां वरचा मजला चढविला, तसा हा प्रकार झाला. डिस्कवर थेट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांचा मजकूर बिघडण्याचा धोका उत्पन्न झाला. डेबियनच्या मंडळींनीं त्याच सुमारास, ९ डिसेंबरला, आपलें १२.३ हें वितरण प्रसिद्ध करण्याचा बेत केला होता आणि त्यांत नेमका ६.१.६४ होता. त्यांनीं तें थांबविलें, लोकांना सावध केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं ६.१.६६ घालून १२.४ प्रसिद्ध केलें. दोष घरांत आल्यावर पाहाऱ्यावरचीं माणसें जागीं होतीं, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या प्रसंगानें एका जुन्या वादाला पुन्हां तोंड फुटलें. स्थिर आवृत्ति सांभाळणाऱ्यांचें म्हणणें असें, कीं सर्व दुरुस्त्या घ्याव्या. कारण आज साधी वाटणारी दुरुस्ती उद्यां सुरक्षिततेची ठरते, आणि कोणती कशी ठरेल हें आधीं ओळखणें कठीण. उलट कांहीं वितरक संस्थांचें म्हणणें असें, कीं आपण निवडून, पारखून, मोजक्याच घ्याव्या. रेड हॅटनें २०१४ च्या जूनमध्यें आपल्या सातव्या एंटरप्राइझ आवृत्तीसाठीं ३.१० हा गाभा घेतला. मूळ मंडळींनीं ३.१० ची देखभाल २०१७ सालीं थांबविली. रेड हॅटनें मात्र स्वतःच्या दुरुस्त्या घालीत तो क्रमांक २०२४ च्या जूनअखेर साधारण सेवेंत ठेवला. त्या संगणकावर ३.१० हा आंकडा पाहून कोणी 'हा तर दहा वर्षांचा म्हातारा' म्हणेल, तर त्याची चूक होईल. आंकडा जुना होता, माल पुष्कळसा नवा होता. म्हणून वितरक संस्थेच्या गाभ्याचा क्रमांक मूळ लिनक्सच्या क्रमांकाशीं ताडून पाहूं नये; त्या संस्थेनें दिलेली सेवेची मुदत पाहावी.

एवढ्या विवेचनानंतर निवडीचे ठोकताळे सांगतां येतात. सामान्य कुटुंबानें स्वतः गाभा निवडण्याच्या भानगडींत पडूं नये. डेबियन, उबंटू किंवा तत्सम जें वितरण घरांत असेल, त्यानें दिलेलाच गाभा ठेवावा आणि त्याच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं घ्याव्या. २०२३ सालच्या बाराव्या डेबियननें ६.१ आणि २०२५ सालच्या तेराव्या डेबियननें ६.१२ घेतला, त्या दोन्ही दीर्घकालीन आवृत्त्या होत. ही निवड ज्यांनीं केली त्यांना या कामाचा घरच्या माणसापेक्षां अनुभव अधिक आहे. संगणक अगदीं नवा असेल आणि त्याचा वायफाय किंवा पडदा जुन्या गाभ्याला ओळखतां येत नसेल, तरच नव्याकडे जावें. तेंही ज्या दीर्घकालीन आवृत्तींत तो भाग चालूं लागतो, तेथवरच. ज्याला कारखान्यांत, रेल्वेंत किंवा वीजकेंद्रांत दहा वर्षें न हलतां चालणारें यंत्र बसवावयाचें आहे, त्याच्यासाठीं लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयानें २०१६ पासून चाललेला 'सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म' निवडक आवृत्त्या दहा वर्षें सांभाळण्याची हमी घेतो.

जो स्वतःच गाभा निवडतो, त्यानें तीन प्रश्न विचारावे. ही आवृत्ति दीर्घकालीन आहे काय ? तिचा तिसरा आंकडा निदान दोन अंकी झाला आहे काय ? आणि तिची सेवा आणखी किती वर्षें चालणार आहे ? हा शेवटचा प्रश्न पुष्कळजण विसरतात. सेवेचे सहा महिने उरलेली आवृत्ति घेणें म्हणजे ज्या घराचा करार दिवाळीला संपणार, तेथें गणपतींत बिऱ्हाड नेणें होय. कर्नेल डॉट ऑर्ग या अधिकृत ठिकाणीं या मुदती जाहीर केलेल्या असतात. आपल्या संगणकावर सध्यां कोणता गाभा चालूं आहे, हें 'युनेम' या छोट्या आज्ञेनें क्षणांत कळतें.

निवड कितीही चोख असली तरी चार पथ्यें सुटत नाहींत. नवा गाभा चढविला म्हणजे जुना लगेच काढूं नये. संगणक सुरू होतांना जी यादी दिसते तींत दोन्ही ठेवावे, म्हणजे नवा रुसला तर जुन्यावरून पुन्हां उभें राहतां येतें. ज्याच्यावर दुसऱ्यांचें काम अवलंबून आहे, त्यानें दुरुस्ती आधीं एका कमी महत्त्वाच्या संगणकावर चालवून पाहावी आणि मग बाकीच्यांवर न्यावी. मात्र सुरक्षिततेचा जाहीर दोष असेल तर हा काळ दिवसांत मोजावा, महिन्यांत नव्हे. दुरुस्ती घेऊन संगणक पुन्हां सुरू करावयाला विसरूं नये. तोंवर स्मृतींत जुनाच गाभा कारभार करीत असतो. आणि मोलाच्या फायलींची एक प्रत त्या संगणकाच्या बाहेर ठेवावी. चुकीच्या जागीं लिहिणाऱ्या गाभ्यापुढें हें चौथें पथ्यच शेवटीं उपयोगी पडतें. मात्र बिघडलेला मजकूर चांगल्या प्रतीवर उमटूं नये म्हणून कालची, गेल्या आठवड्याची आणि गेल्या महिन्याची, अशा निरनिराळ्या प्रती असाव्या.

पूर्णपणें निर्दोष असा गाभा अजून झालेला नाहीं. कोट्यवधि ओळींच्या लिखाणांत तो व्हावयाचाही नाहीं. म्हणून 'कोणता आंकडा भाग्याचा ?' असें विचारीत बसण्यांत अर्थ नाहीं. डॉक्टर निवडतांना शहाणा माणूस त्याच्या दारावरच्या पाटीची तारीख पाहत नाहीं. रात्रीं दार ठोठावलें तर तो उठतो काय, हें पाहतो. गाभ्याच्या आवृत्तीची परीक्षा याच कसोटीवर करावी. जिच्यामागें जागीं माणसें आहेत ती आवृत्ति घ्यावी, त्यांनीं दिलेलें औषध वेळेवर घ्यावें, आणि फोटोंची, हिशेबांची व नोंदींची दुसरी प्रत कपाटांत जपून ठेवावी.